चिंचाने मान का तुकवली? इंका साम्राज्य आणि एका किनारी घराण्याचा सौदा

१६ नोव्हेंबर १५३२ च्या संध्याकाळी इंका सम्राट अताहुआल्पा आजच्या पेरूच्या डोंगरातल्या काहामार्का गावच्या चौकात पालखीतून आला, यात नवल काही नव्हते. नवल होते ते त्याच्यासोबतच्या दुसऱ्या पालखीचे. इंका दरबाराचा रिवाज कडक होता. सरदार कितीही मोठा असो, सम्राटापुढे अनवाणी जायचे आणि पाठीवर ओझे घ्यायचे. मग सम्राटाच्या मिरवणुकीत स्वतः पालखीत बसून येणारा हा कोण? त्याच संध्याकाळी अताहुआल्पाला स्पॅनिशांनी पकडले, आणि तो कैदेत असताना त्यांचा म्होरक्या फ्रान्सिस्को पिसारोने त्याला हेच विचारले. उत्तर मिळाले ते असे: हा चिंचाचा स्वामी, माझा मित्र, किनाऱ्याच्या सपाट मुलखातला सर्वांत मोठा सरदार, याचे एक लाख तराफे समुद्रात चालतात. पिसारोचा नातलग पेद्रो पिसारो तेव्हा पोरसवदा होता आणि तिथेच होता. त्याने ही हकीकत उतारवयात लिहून ठेवली.

लाखाचा आकडा सोडून देऊ. सम्राट आपल्या मित्राची बढाई मारणारच. पालखीचे मात्र कोडे उरते. इंकांनी दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने हजारो किलोमीटरचा मुलूख शंभर वर्षांच्या आत घशात घातला. त्यात शेकडो लहानमोठी राज्ये, जमाती, खोरी होती आणि प्रत्येकाचा आपला ‘कुराका’, म्हणजे वंशपरंपरेने आलेला स्थानिक प्रमुख होता. राज्य चालवायचे तर हे कुराका हवेत, आणि डोईजड होऊ द्यायचे नाहीत, हा इंकांपुढचा पेच. कुराकांपुढचा पेच त्याहून अवघड: लढावे, पळावे, की मान तुकवून मिळेल ते पदरात पाडून घ्यावे? चिंचाच्या घराण्याने तिसरी वाट धरली. तिचे काय झाले, हे तपासण्याइतका पुरावा सुदैवाने शिल्लक आहे: कागदावरही आणि मातीतही.

खोरे आणि त्याची कमाई

चिंचा हे आजच्या पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरचे खोरे, लिमाच्या दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर. हा किनारा म्हणजे वाळवंट. पाऊस जवळजवळ नाही. अँडीज पर्वतातून उतरणाऱ्या नद्या जिथे समुद्राला मिळतात तेवढ्याच पट्ट्यांत कालव्यांवर शेती होते. खोरे म्हणजे हिरवे बेट आणि दोन खोऱ्यांमध्ये रखरखाट, अशी सगळी रचना. त्यामुळे प्रत्येक खोऱ्याला स्वतःचे राजकारण. चिंचा हे या खोऱ्यांमधले मोठे आणि सुपीक खोरे. समोर समुद्रात, पंचवीसेक किलोमीटरवर चिंचा बेटे आहेत. तिथे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे थरच्या थर साचलेले. ग्वानो नावाचे हे खत मक्याला घातले की पीक तरारते. (एकोणिसाव्या शतकात याच ग्वानोच्या पैशावर पेरूचे सरकार चालले आणि याच बेटांवरून १८६४ मध्ये स्पेनशी युद्ध पेटले. म्हणजे ही काही किरकोळ संपत्ती नव्हे.)

खोऱ्यातली माणसे काय करत होती, याचे एक विलक्षण टिपण सोळाव्या शतकातले आहे. मारिया रोस्त्वोरोव्स्की या पेरूच्या इतिहासकार बाईंनी ते १९७० मध्ये प्रसिद्ध केले. त्यानुसार चिंचात ३०,००० करदाते पुरुष होते; त्यांत १२,००० शेतकरी, १०,००० कोळी आणि ६,००० व्यापारी. आकडे गोल आहेत, तेव्हा नेमकेपणाची अपेक्षा ठेवू नये. पण प्रमाण पाहा. अँडीजच्या डोंगरातल्या कुठल्याही गावात बहुतेक सगळे शेतकरी आणि लामा नावाची जनावरे पाळणारे असायचे. इथे निम्म्याहून अधिक लोक शेतावर नाहीत. कोळ्यांची वस्ती समुद्रकाठाने एका लांबलचक रस्त्यासारखी पसरलेली होती. प्रत्येकाचा आपला तराफा, आपली जाळी, आपले ठरलेले बंदर. एकाने दुसऱ्याच्या जागेत घुसायचे नाही. आणि समुद्रावर नसले की ही मंडळी फक्त पितात आणि नाचतात, असा शेराही लिहिणाऱ्याने मारला आहे. त्यात तक्रार किती आणि हेवा किती, ज्याने त्याने ठरवावे.

व्यापारी दोन दिशांना जात. काही डोंगर चढून इंकांच्या राजधानीला, कुस्कोला, आणि पार टिटिकाका सरोवराभोवतीच्या कोयाओच्या पठारापर्यंत. काही समुद्रमार्गाने उत्तरेला, आजच्या इक्वाडोरमधल्या पुएर्तो व्हिएखो आणि कितोपर्यंत. तिथून सोन्याचे मणी आणि पाचू आणत आणि शेजारच्या इकाच्या कुराकांना विकत. तांब्याच्या तुकड्यांनी खरेदीविक्री करत, कुठल्या तुकड्याला काय येणार हे ठरलेले असे, असेही टिपण सांगते. इंका राज्यात नाणे नव्हते, बाजार दुय्यम होता. मालाची ने-आण मुख्यतः सरकारी कोठारांतून आणि वेठीतून व्हायची. त्यात हे सहा हजार व्यापारी म्हणजे वेगळीच जात.

उत्तरेच्या वाऱ्या प्रामुख्याने कशासाठी, तर स्पाँडिलस या काटेरी लाल शिंपल्यासाठी. अँडीजच्या लोकांच्या लेखी हे देवांचे खाणे. पाऊस हवा, झरे आटू नयेत, म्हणून ते पाण्याच्या जागी अर्पण करायचे. हा शिंपला उबदार पाण्यातला. पेरूच्या बहुतेक किनाऱ्यावरून थंड प्रवाह वाहतो, तिथे तो वाढत नाही. म्हणजे ज्याच्या हाती उत्तरेची वाट, त्याच्या हाती सम्राटाच्या पूजेचे साहित्य.

पहिली भेट

इंका आले कसे, याची चिंचाच्या लोकांनी स्वतः सांगितलेली हकीकत १५५८ च्या फेब्रुवारीत नोंदली गेली. डोमिनिकन साधू क्रिस्तोबाल दे कास्त्रो आणि स्पॅनिश अंमलदार दिएगो दे ओर्तेगा मोरेखोन यांनी खोऱ्यातल्या जाणत्यांना विचारून अहवाल तयार केला. त्यात कथा अशी आहे.

पूर्वी प्रत्येक खोऱ्याचा आपला स्वामी होता आणि शेजाऱ्यांशी लढाया चालत. चिंचाचा स्वामी होता ग्वाव्हिया रुकाना. मग डोंगरातून कापाक युपांकी नावाचा इंका मोठी फौज घेऊन उतरला. म्हणाला, मी सूर्याचा पुत्र आहे, तुमच्या भल्यासाठी आलोय. तुमचे सोने नको, चांदी नको, मुली नकोत. ते सगळे माझ्याकडे भरपूर आहे. मला फक्त स्वामी म्हणून माना. आणि त्याने कुस्कोहून आणलेले कपडे आणि सोन्याच्या भेटी वाटल्या. चिंचाच्या प्रमुखांनी आपसात विचार केला आणि त्याला स्वामी मानले. त्याच्यासाठी ‘हातुनकांचा’ नावाचे घर बांधले, सेवेला बायका आणि माणसे नेमली, एक शेत लावून दिले. लढाई नाही, रक्त नाही.

अँडीजच्या रिवाजात भेट ही साधी गोष्ट नव्हती, हे इथे लक्षात घ्यायला हवे. कुराका आपल्या लोकांकडून काम करून घेई ते हुकमाने नव्हे. पेरणी असो की कालव्याची दुरुस्ती, त्याने आधी मक्याची चिचा दारू पाजायची, जेवू घालायचे, कपडे द्यायचे. मग लोक कामाला येणार. दिलेले घेतले की परतफेड आलीच. कापाक युपांकीने तोच डाव एक पायरी वर नेऊन कुराकावर टाकला. चिंचाच्या स्वामीने कुस्कोचा अंगरखा अंगात घातला त्या क्षणी तो देणेकरी झाला. आणि हे त्याला कळत नव्हते असे मानायचे काही कारण नाही. हाच खेळ तो आपल्या प्रजेशी रोज खेळत होता. उलट, आपण ज्याला ओळखतो असा खेळ समोरचा खेळतोय, म्हणजे बोलणी होऊ शकतात, हे त्याने ताडले असावे.

पण ही गोष्ट अशीच्या अशी गळी उतरवून घेण्याआधी पेद्रो सिएसा दे लिओनचे ऐकले पाहिजे. हा स्पॅनिश सैनिक १५४० च्या दशकाच्या अखेरीस या भागातून फिरला, आणि विचारपूस करून लिहिण्याची त्याची सवय आजच्या वार्ताहरालाही लाजवील. तो सांगतो की चिंचाचे लोक पूर्वी स्वतःच लढवय्ये होते. डोंगरातल्या सोरा आणि लुकाना जमातींच्या मुलखात घुसून लूट करत. इंकांचा पहिला सेनापती आला तेव्हा त्याला हे खोरे काबीज करता आले नाही. ते सम्राट तोपा इंका युपांकीच्या काळात अंकित झाले. रूढ कालगणनेनुसार ही १४७० च्या आसपासची गोष्ट. आणखी एक इतिहासकार, इंका राजकन्येच्या पोटी जन्मलेला गार्सिलासो, तर सरळ प्रतिकाराची कथा सांगतो. म्हणजे मानभावीपणाने फक्त ‘मला स्वामी माना’ म्हणणारा इंका आणि हसतमुखाने हो म्हणणारा कुराका हे चित्र जरा जास्तच गुळगुळीत आहे. का, त्याकडे शेवटी येतो.

शेजारच्या खोऱ्यात काय झाले

चिंचाच्या उत्तरेला पन्नास-साठ किलोमीटरवर ग्वार्कोचे खोरे, आजचे कान्येते. तिथल्या प्रमुखांनी नाही म्हटले.

सिएसाच्या माहितीप्रमाणे ते युद्ध तीन-चार वर्षे चालले. उन्हाळ्यात डोंगरातल्या सैनिकांना किनाऱ्याची उष्णता सोसेना, म्हणून इंकांनी वरच्या अंगाला लुनाउआना येथे अख्खे लष्करी शहर उभारले आणि त्याला कुस्को हेच नाव दिले. त्याचे अवशेष इंकाउआसी या नावाने आजही आहेत. अलीकडे तिथल्या कोठारांत उत्खनन झाले तेव्हा मिरच्या, भुईमूग, घेवड्याच्या ढिगांखाली किपू सापडले. किपू म्हणजे हिशेब ठेवायच्या गाठी मारलेल्या दोऱ्या. ज्या मालाचा हिशेब, त्या मालाशेजारीच दोरा. इंका राज्याचे कारकून काम कसे करत, याचा याहून जवळून घेतलेला फोटो मिळणार नाही.

ग्वार्को पडले तेव्हा तिथल्या प्रमुखांची कत्तल झाली. कित्येकांना फासावर लटकवले आणि सिएसाच्या काळापर्यंत तिथे हाडांचे ढीग दिसत होते. समुद्राकाठच्या सेरो आसुल टेकडीवर इंकांनी घडीव दगडांची इमारत बांधली. डोंगरात हे नेहमीचे. मातीच्या भिंतींच्या किनाऱ्यावर मात्र दुर्मीळ. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावे म्हणूनच ती होती. खोऱ्यातल्या जमिनी बाहेरून आणलेल्या लोकांना वाटल्या, आणि त्या लोकांत चिंचाचेही होते. शेजाऱ्याच्या राखेतून आपली चूल पेटवणे म्हणतात ते हे.

उत्तरेला चिमोर हे किनाऱ्यावरचे सर्वांत बलाढ्य राज्य होते. त्याचा राजा मिन्चान्सामान हरल्यावर त्याला कुस्कोला नेऊन ठेवले, सोनार-कारागीरही उचलून नेले आणि राज्याचे तुकडे केले. चिंचाला या सगळ्याच्या बातम्या कळत होत्याच. सहा हजार व्यापारी काय फक्त मणीच घेऊन येत होते?

पदरात काय पडले

इथे या प्रकरणातला सर्वांत रंजक वाद येतो. चिंचाचा समुद्री व्यापार इंकांच्या आधीपासून इतका मोठा होता आणि म्हणून इंकांनी त्याला हात लावला नाही, की तो इंकांच्या मेहेरबानीनेच मोठा झाला? बऱ्याच दिवसांची समजूत पहिली होती. पण चिंचाच्या कोळ्यांच्या वस्तीचे उत्खनन करणाऱ्या डॅनियल सँडवाइस यांच्यासह काही अभ्यासक दुसरीकडे झुकतात: उत्तरेच्या शिंपल्याच्या वाटेवर आधी चिमोरचा वरचष्मा होता. तो मोडल्यावर ही वाट कोणाच्या तरी हाती द्यायचीच होती. डोंगरातल्या इंकांना समुद्राचे वावडे. मग ती दिली आधीच मान तुकवलेल्या, दर्यावर्दी आणि दक्षिणेला, म्हणजे चिमोरपासून लांब असलेल्या चिंचाला.

मला दुसरी मांडणी पटते, आणि ती केवळ शिंपल्यांवरून नाही. पहिल्या मांडणीत चिंचाचा स्वामी म्हणजे नशीबवान श्रीमंत. दुसऱ्या मांडणीत तो साम्राज्याने निर्माण केलेला श्रीमंत ठरतो, आणि मग अताहुआल्पाच्या तोंडचा ‘मित्र’ हा शब्द नीट बसतो. ज्याच्या संपत्तीचे मूळ आपल्या हातात आहे, त्याला पालखीत बसवायला भीती कसली?

व्यापार तर मिळालाच, देवही टिकला. चिंचात चिंचायकामाक नावाच्या देवतेचे स्थान होते आणि तिचा कौल मागायला लोक यायचे. इंकांनी खोऱ्यात सूर्याचे मंदिर बांधले, पण सिएसा सांगतो की लोकांनी जुन्या देवाला सोडले नाही आणि इंकांनीही ते सोडायला लावले नाही. स्वामींची गादी त्यांच्याकडेच राहिली. वर इंकांचा एक प्रतिनिधी बसला. बदल्यात खोऱ्याच्या स्वामीने वर्षातले काही महिने सम्राटाच्या दरबारात काढायचे. हा मान, आणि ओलीसही. अताहुआल्पाचा बाप सम्राट वाइना कापाक याच्या बहुतेक मोहिमांत चिंचाचा स्वामी हजर होता, असेही सिएसा लिहितो.

भिंती काय सांगतात

चिंचाची राजधानी म्हणजे आज ला सेंतिनेला म्हणून ओळखले जाणारे ठिकाण, तांबो दे मोरा गावाजवळ, समुद्राच्या अगदी जवळ. चोपून भरलेल्या मातीचा प्रचंड पायऱ्यांचा चौथरा, भोवती लहान वाडे, आणि तिथून चहूकडे निघालेले सरळ रस्ते. मॅक्स उले या जर्मन पुरातत्त्वज्ञाने विसाव्या शतकाच्या तोंडावरच इथे काम केले होते; १९८० च्या दशकापासून क्रेग मॉरिस आणि इदिलियो सांतियाना यांनी ते पुढे नेले.

इथे मातीच्या भिंती वाचता येतात. चिंचाचे लोक माती साच्यात चोपून सलग भिंत उभी करत. इंकांचे बांधकाम इथे साच्यात पाडलेल्या आयताकृती कच्च्या विटांचे आहे. शिवाय वर निमुळते होत जाणारे दरवाजे आणि कोनाडे हा त्यांचा हुकमी शिक्का. त्यामुळे कोणती भिंत कोणाची, हे जवळ उभे राहून सांगता येते. आणि दिसते ते असे, की इंकांनी चिंचाचा मुख्य चौथरा पाडला नाही, त्याच्यावर चढूनही बसले नाहीत. त्यांनी आपला वाडा त्याला खेटून बांधला. चौथऱ्याच्या मानाने तो बसका. भोवतालच्या चिंचाच्या वाड्यांतही ठिकठिकाणी कच्च्या विटांची डागडुजी आणि इंका धाटणीचे फेरफार आहेत.

दोन खोऱ्यांतला फरक यातून कळतो. दक्षिणेच्या पिस्को खोऱ्यात एकवटलेली सत्ता नव्हती, तिथे इंकांनी तांबो कोलोराडो हे स्वतःचे कोरे करकरीत ठाणे वसवले. लाल, पिवळ्या, पांढऱ्या रंगांचे पट्टे भिंतींवर अजून दिसतात. चिंचात आणि इकात आयती राजधानी होती, तिथे ते पाहुण्यासारखे येऊन राहिले. ही मांडणी पुरातत्त्वज्ञ डोरोथी मेन्झेल यांनी १९५९ मध्येच केली होती आणि ती अजून टिकून आहे.

पण पाहुणा म्हणून आलेल्याने दिवाणखान्याची मांडामांड बदलली. चिंचाचा सरदार लोकांना भेटत होता, मेजवान्या देत होता, कामे वाटत होता. आता हे सगळे इंका वाड्याच्या सावलीत होऊ लागले. अंगावर कुस्कोचे कापड, हातात कुस्कोचा चषक, मागे इंका धाटणीचा कोनाडा. प्रजेला दिसत होते की कुराका मोठा झालाय; हेही दिसत होते की हा मोठेपणा आता कुठून येतो.

हप्ते वाढत गेले

१५५८ च्या अहवालाची सर्वांत बोलकी बाजू म्हणजे त्यातली क्रमवारी. पहिला इंका एक घर, एक शेत आणि मान्यता घेऊन गेला. दुसरा, तोपा इंका युपांकी, आला तो व्यवस्था घेऊन. लोकांची दशमान विभागणी झाली: शंभरांचा गट, हजारांचा गट, दहा हजारांचा गट, प्रत्येकावर एक मुकादम. रस्ते, विश्रांतीची ठाणी, कोठारे. पुन्हा नवे घर, नवे शेत, नव्या बायका. मग वाइना कापाक आला आणि त्यानेही आपल्यासाठी निराळे शेत, निराळी माणसे मागितली. इंकांच्या रिवाजात मेलेल्या सम्राटाची मालमत्ता त्याच्या वंशजांच्या कुळाकडेच राहायची. नव्याला स्वतःची नवी जमवावी लागे. म्हणजे प्रत्येक नव्या राजवटीबरोबर खोऱ्यावरचा बोजा वाढायचा आणि जुना कमी व्हायचा नाही. बोट दिले, मग मनगट गेले, मग दंड.

हा बोजा कोणी उचलला? कुराकाने नव्हे. शेत इंकाचे, राबणारा चिंचाचा शेतकरी. सेवेला गेलेल्या मुली चिंचाच्या घरांतल्या. सौदा केला घराण्याने, हप्ते फेडले खोऱ्याने. आणि इतिहासलेखनात ‘चिंचाने शांततेने स्वीकारले’ असे वाक्य येते तेव्हा मला या ‘चिंचा’वरच अडायला होते. स्वीकारणारे फार तर काही डझन लोक असतील.

दशमान गटांचाही एक डंख होता. पूर्वी कुराकाच्या हाताखालचे प्रमुख नात्यागोत्यातले, त्याच्या शब्दातले. आता हजारावरचा आणि शंभरावरचा मुकादम सरकारी उतरंडीत बसला. कुराकाची खुर्ची शाबूत, पण खालचे पाय दुसऱ्याने बसवलेले.

खोऱ्यात माणसेही नवी आली. अँडीजमध्ये याला ‘मित्मा’ म्हणत: एका प्रदेशातली कुटुंबे उचलून दुसरीकडे वसवायची, म्हणजे बंडाची मुळे तुटतात आणि हवी तिथे हवी ती कारागिरी मिळते. चिंचा खोऱ्याच्या मधल्या भागातल्या थडग्यांतल्या अवशेषांचा प्राचीन डीएनए तपासला तेव्हा त्यांतल्या काहींचे नाते पेरूच्या उत्तर किनाऱ्याशी जुळले. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. कागदांत वर्षानुवर्षे वाचलेले मित्मा प्रथमच हाडांत असे ठळक सापडले.

इकाची मडकी

आता एक आडवळण, पण ते घेतल्याशिवाय चिंचाचे वेगळेपण उमगत नाही. चिंचाच्या दक्षिणेला इका. तिथल्या प्रमुखांनीही लढाई दिल्याची नोंद नाही. इंका काळातल्या इकाच्या थडग्यांत इंका धाटणीची भांडी, स्थानिक नक्षी आणि इंका आकार यांची सरमिसळ केलेली भांडी सापडतात. इथवर सगळे चिंचासारखेच. पण मेन्झेल यांनी बारकाईने क्रम लावला तेव्हा दिसले की इंका सत्ता कोसळल्याबरोबर इकाच्या कुंभारांनी इंका आकार टाकून दिले आणि आपली जुनी इका शैली पुन्हा काढली. नुसती आठवणीने नव्हे. जुने नमुने समोर ठेवून केल्यासारखी. डोक्यावर स्पॅनिश येऊन बसले होते, रोगराईने माणसे मरत होती, आणि इकाचे लोक आधी इंकांची मडकी फेकत होते.

इतक्या वर्षांचा मुका राग मडक्यांतून बाहेर आला असे म्हणण्याचा मोह होतो आणि मेन्झेल यांचाही रोख काहीसा तोच आहे. चिंचात असे पुनरुज्जीवन दिसत नाही. तिथल्या वरच्या वर्गाने साम्राज्याला इतके आपले म्हटले होते की ते गेल्यावर परत जायला जुनी जागा उरली नव्हती, हा त्याचा सरळ अर्थ. इकाच्या प्रमुखांनी वाकून घेतले, पण आतून अंतर राखले. ते जास्त शहाणे होते का? इंका टिकले असते तर तसे कोणी म्हटले नसते.

दुसरे साम्राज्य

काहामार्काच्या चौकात त्या संध्याकाळी तोफा-घोड्यांनी जो हाहाकार केला त्यात सम्राटाबरोबर पालख्यांतून आलेले सरदारही मारले गेले, असे पिसारोचा चिटणीस फ्रान्सिस्को दे खेरेस नोंदवतो. पण चिंचा स्पॅनिशांना नवे नव्हते. २६ जुलै १५२९ रोजी स्पेनच्या दरबाराने पिसारोला दिलेल्या करारात त्याच्या भावी सुभ्याची दक्षिण हद्द म्हणून चिंचाचेच नाव घातले होते. एकाही स्पॅनियार्डने तोवर चिंचा पाहिलेले नव्हते. व्यापाऱ्यांच्या तोंडून नाव इतके दूर गेले होते. पुढे हे खोरे, त्यातल्या माणसांच्या श्रमासकट, पिसारोचा भाऊ एर्नांदो याच्या वाट्याला आले आणि नंतर थेट स्पॅनिश राजाकडे गेले.

शिंपल्यांना आता गिऱ्हाईक नव्हते. पाऊस मागणारा सम्राट उरला नाही, त्याच्या पुरोहितांना मूर्तिपूजक ठरवले गेले. समुद्री व्यापार जसा साम्राज्याबरोबर वाढला तसाच त्याच्याबरोबर बसला. सिएसा लिहितो की स्पॅनिश आले तेव्हा खोऱ्यात पंचवीस हजारांवर पुरुष होते, आणि आपण पाहिले तेव्हा पाच हजारही भरतील असे वाटले नाही. तरी त्याच्या काळातही खोऱ्याला एक स्वामी होता. सिएसा त्याचे वर्णन समंजस, चांगल्या बुद्धीचा माणूस असे करतो. पुढे ‘एक इंडियन (म्हणजे अमेरिकेतला मूळ रहिवासी) असूनही’ हे जोडायला मात्र विसरत नाही.

आता १५५८ च्या त्या अहवालाकडे परत वळू. तो का लिहिला गेला? १५५३ च्या डिसेंबरात स्पेनच्या राजाने फर्मान काढले होते: इंकांच्या काळात लोक किती आणि कशा स्वरूपात कर देत, याची चौकशी करा. हेतू उघड होता, स्पॅनिशांनी किती घ्यावे हे ठरवायचे होते. कास्त्रो आणि ओर्तेगा मोरेखोन यांच्यापुढे बसलेल्या चिंचाच्या जाणत्यांना हे पुरेपूर माहीत असणार. त्या परिस्थितीत त्यांनी सांगितले की पहिला इंका आला, त्याने आमचे सोने मागितले नाही, चांदी मागितली नाही, मुली मागितल्या नाहीत, उलट कपडे दिले, आणि आम्ही आपण होऊन त्याला स्वामी मानले.

गोष्ट खोटीच असेल असे नाही. कापाक युपांकी भेटी घेऊन आला असेलही. इंकांची ती नेहमीची पद्धत होती. पण कापाक युपांकीची ही हकीकत कोणाला ऐकवली जातेय ते पाहिले की सिएसाच्या ‘काबीज करता आले नाही’ या वाक्याशी तिचा मेळ का बसत नाही, हे कळू लागते. आपण जिंकले गेलो नव्हतो, करार करून आलो होतो. चांगला राजा कमी मागतो. पुढच्यांनी मागणी वाढवली तिथून बिघडत गेले. तिन्ही मुद्दे स्पेनच्या दरबारासाठी आहेत. ग्वाव्हिया रुकानाच्या वारसांनी दुसऱ्या साम्राज्यापुढेही पहिल्यासारखीच बोलणी लावली होती, फरक एवढाच की या वेळी समोरच्याने आधी कपडे वाटले नव्हते.